वारस आणि त्याची उशी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या कारकुनाला त्याच्या ऑफिसात सगळे 'वारस' म्हणतात. इस्टेट काही मिळालेली नाही हो! कंपनी ज्याला कामावरून काढायची, त्याने जाताना आपलं काम कुणाच्या तरी हवाली करायचं, असा तिथला नियम. आणि ते घ्यायला नाही न म्हणणारा हा एकच. खरेदीवाला गेला, पगारपत्रकवाली बाई गेली, गोदामवाला गेला. प्रत्येकाने याच्या पाठीवर थोपटून आपला गठ्ठा याच्या टेबलावर ठेवला.

बाकीचे नोकरी टिकावी म्हणून देवाला हात जोडत होते. हा मात्र जाण्याची वाट बघत होता. बायकोचं शिवणकामाचं दुकान बरं चाललं होतं, कापड कापायला माणूस हवा होता. पण स्वतःहून सोडलं तर रिकाम्या हाताने घरी; काढलं तरच भरपाई.

परवा साहेबांनी काचेच्या खोलीत बोलावलं. त्या खोलीतून आजवर कुणी हसत बाहेर आलं नव्हतं. याने आधीच खुर्चीवरची उशी आणि पाण्याचा पेला पिशवीत भरला.

साहेबांचे डोळे लाल. म्हणाले, "काढायच्या यादीत माझंही नाव आलं रे. आता माझं काम तूच बघ."

घरी आला तो पिशवीसकट पलंगावर आडवा. पुढचं मला माहीत आहे, कारण आमचं छत पातळ आहे आणि वहिनींचा आवाज जाड.

"अहो, काढलं का एकदाचं?"

"नाही."

"मग तोंड का असं?"

"साहेबांना काढलं. पुढची नावं आता मी ठरवायची."

वहिनी हसल्याच. "मग टाका की तुमचंच पहिलं!"

वर पलंग करकरला. मग तो म्हणाला, "टाकतो. पण काम द्यायचं कुणाला? बाकीचे नाहीच म्हणणार, उरली ती नवी मुलगी. परवा माझ्याकडचं नुसतं गोदामाचं काम तिला दिलं, तर टेबलावर डोकं ठेवून रडत होती. तिच्या गळ्यात एवढं सगळं बांधू?"

"तुम्ही माणूस आहात का खुंटी? जो येतो तो टोपी अडकवून जातो!"

"खुंटीच."

"बूट तरी काढा खुंटीबुवा, चादर मळतेय." मग वहिनींनीच काढले असावेत, कारण दोन धप्प धप्प आवाज आले.

सकाळी जिन्यात गाठ पडली. काखेत तीच उशी. मला राहवतंय थोडंच!

"काय वारस, उशी घेऊन? ऑफिसात झोपणार वाटतं?"

"काका, झोपायचं नशिबात असतं तर ही काल घरी आली ती घरीच राहिली असती," तो म्हणाला, आणि कठड्याला धरून सावकाश खाली उतरला.