दुसरी चावी

गल्लीत तिला कुलूपबाई म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी छाती अजून कुणाची झालेली नाही. शेजारी वाटीभर साखर मागायला निघाली तरी ही बाई दार लावणार, कुलूप घालणार आणि वर ते दोनदा ओढून बघणार. नवऱ्याला विचारलं, "वहिनी आहेत का घरात?" तर तो म्हणतो, "दाराला कुलूप नाही ना? मग असतील."

पण चेष्टा करणारे एक गोष्ट सोयीनं विसरतात. बेटाच्या टोकाला, खडकांच्या खिंडीत, पाण्याखाली पाणचक्की बसवली आहे. समुद्राच्या प्रवाहावर तिची पाती फिरतात, म्हणून आपल्या घरात दिवे लागतात. किनाऱ्यावरच्या खोलीत तिच्या बटणांपुढे हीच बाई बसते. ती नवी होती तेव्हा खाली माणूस असताना कुणीतरी ब्रेक सोडला, आणि त्या माणसाची तीन बोटं गेली. तेव्हापासून तिचा नियम: जो खाली उतरेल त्याचं कुलूप ब्रेकच्या दांड्याला, चावी लाल दोरीत ओवून त्याच्या गळ्यात. वर येऊन त्यानं ती पाठवली, तिच्या हातात पडली, की मगच पाती फिरणार.

त्या सकाळी दांड्याला दोन कुलपं होती. पात्यांत जाळं अडकलं होतं आणि ते कापायला तिचा नवरा आणि धाकटा भाऊ, दोघंही पाणबुडे, उतरले होते. भरती-ओहोटीच्या मधे खिंडीतलं पाणी जेमतेम वीस मिनिटं थबकतं. मग असं सुटतं की म्हैस बांधली तरी खुंट्यासकट जाईल.

चक्कीच्या साहेबांनी नेमके त्याच दिवशी ती बघायला पाहुणे बोलावले होते. चार पाहुणे चार खुर्च्यांवर, आठ डोळे घड्याळावर. बेटाची बॅटरी उतरत चाललेली.

वायरलेस खरखरला. बोटीवरून तांडेल ओरडला, "जाळं निघालं! दोघंही वर!"

"चला, सोडा ब्रेक," साहेब म्हणाले.

"चाव्या येऊ देत."

थोड्या वेळानं भाऊ छोट्या होडीतून पुढं आला आणि पन्नास पायऱ्या चढून, धापा टाकत तिच्यापुढं उभा राहिला. चावी दिली. एक कुलूप निघालं.

"आणि यांची?"

"दाजी येतायत ना मागून, मोठ्या बोटीनं. मी मागितली होती चावी. म्हणाले, तू हो पुढं, मीच देतो."

तिचा हात जागीच थांबला. वीस वर्षांच्या संसारात ज्यानं स्वतःचा ओला टॉवेल स्वतः दोरीवर टाकला नाही, तो माणूस पन्नास पायऱ्या चढून चावी द्यायला येणार?

"बाई, तांडेलानं सांगितलं ना, दोघं वर आहेत म्हणून! पाणी सुटलंय, पाहुणे बसलेत." साहेबांनी भिंतीवरची करवत काढली. "एक कुलूप ते काय, कापून टाकू."

ती दांड्याला पाठ लावून उभी राहिली. "आधी मला बाजूला करा साहेब. आमच्या सासूबाईंना सुद्धा ते जमलं नव्हतं." मग भावाकडे वळून, "तू निघालास तेव्हा हे काय करत होते?"

"हत्यारं मोजत होते."

"मोजत होते की शोधत होते?"

भावाच्या चेहऱ्यावरचं पाणी एकदम जास्त वाटायला लागलं. "पितळी पान्हा सापडत नाही म्हणत होते, ताई. आपल्या बाबांनी लग्नात दिलेला."

तिनं वायरलेस ओढला. "तांडेलदादा, हे कुठायत?"

"इथंच की, मागच्या बाजूला..." मग नुसती खरखर. मग त्याचा आवाज, पार बदललेला. "वहिनी, कपडे आहेत. हवेची टाकी नाही."

साहेबांच्या हातातली करवत तशीच हवेत. भाऊ पायऱ्यांवरून धावत सुटला. खिडकीबाहेर खिंडीत पांढरा फेस धरायला लागला होता. प्रवाहाचा काटा एकेक घर वर चढत होता आणि प्रवाह पात्यांना ढकलत होता तसा दांड्याला बारीक कंप येत होता. तिनं दुसऱ्या कुलपावर तळहात दाबून धरला, जणू खाली उतरलेला माणूस तिथंच होता.

एक मिनिट. तीन. पाच.

"बुडबुडे दिसतायत! चक्कीचा पाय धरून बसलाय," वायरलेस ओरडला. "दोरी सोडली... चुकली. परत सोडतोय."

ती घड्याळाकडे बघेना.

"धरली! ओढा रे, ओढा! आला... वर आला, वहिनी!"

"आता मला कुणाच्या सांगण्यावर विश्वास नाही," ती म्हणाली. "चावी आणा."

अर्ध्या तासानं तो दारात आला. एका हातात चावी, दुसऱ्या हातात पान्हा, तोंडावर चोरी सापडलेल्या पोराचं हसू. "पात्याच्या बुंध्यापाशीच राहिला होता गं. म्हटलं, दोन मिनिटांचं काम..."

तिनं चावी घेतली. पान्हाही घेतला. चावी कुलपात शिरेना. तिसऱ्या खेपेला शिरली. दांडा वर गेला, पाती फिरली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी करवत हळूच टेबलाखाली सरकवली.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं जपून विचारलं, "पान्हा कुठाय माझा?"

"कपाटात. कुलूप लावून."

"आणि चावी?"

ती कांदा चिरत राहिली. तिच्या गळ्यात लाल दोरी दिसत होती.

त्यानं न्हाणीतून आपला ओला टॉवेल उचलून आणला, पिळला आणि दोरीवर टाकला. समोरच्या गॅलरीतून ज्यांनी हे पाहिलं, ते आजही शपथेवर सांगतात.