जावयाला गॅजेट

मला इंग्रजीचा एकच शब्द येत होता आणि तेवढ्यावर माझं भागत होतं. तो शब्द म्हणजे गॅजेट.

कर्जतला इंजिनाच्या शेडात मी एका फिटर साहेबाच्या हाताखाली होतो. (शाळा म्हणाल तर धुळपाटीवर ‘ग’ काढण्यापर्यंत. पुढं पंतोजींना माझा आणि मला पंतोजींचा कंटाळा आला.) साहेब आधी आगबोटीवर होता. तो “गॅजेट लाओ” म्हणाला की मी पाना द्यायचो. दुसऱ्या दिवशी तेच म्हणाला की तेलाची झारी. एकदा त्यानं त्याच शब्दात आपली टोपी मागितली. अर्थ विचारणं माझ्या स्वभावात नाही. विचारलं म्हणजे येत नाही हे कबूल केलं!

माझ्या लेकीची, गंगूची, सोयरीक खालापूरकडं जमली. साखरपुड्याला व्याह्यांनी सहज विचारलं, “जावयाला काय घालनार?” आमच्या शेजाऱ्यानं त्याच्या जावयाला चांदीचा करगोटा घातला होता आणि तो शेजारी तिथंच बसून माझ्याकडं बघत होता. मी म्हटलं, “करगोटा कुनीबी देतो. आमी गॅजेट देनार. विलायती.”

पंचांच्या देखत दिलेला शब्द. मागं फिरायला वाट नाही.

तिकडं व्याह्यांनी गॅजेटासाठी पडवीत गव्हाण बांधली. विहीणबाईंनी देवाशेजारचा कोनाडा सारवून ठेवला. जावयानं बंडीला आतून खिसा शिवून घेतला. मग एक दिवस खालापुराहून माणूस आला.

“दादा, तुमच्या व्याह्यांनी इचारलंय, गॅजेट गवत खातंय का दाना?”

“दोन्ही,” मी म्हटलं.

माणूस गेल्यावर आमच्या मंडळीनं चुलीपुढून विचारलं, “अवो, खरंच काय असतंय ते?”

“बायकांना नाय कळायचं.”

“तुमाला कळलंय का?”

मी उठून शेडात गेलो.

लग्नाला आठवडा उरला तेव्हा मान खाली घालून साहेबाला विचारलं. त्यानं डोकं खाजवलं. “जिसका नाम याद नहीं आता, वो गॅजेट. खलाशी लोग बोलता.” आला कुठून हा शब्द, मी विचारलं. “कोई बोलता फ्रेंच लोगों का. कोई बोलता और किसी का. हमको मालूम नहीं.” ज्याची भाषा त्यालाच पत्ता नाही, आणि मी ती वस्तू आहेरात देऊन बसलेलो!

लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला, भटजींनी घसा साफ केला आणि व्याही मधे उभे राहिले.

“आधी गॅजेट. मग अक्षता.”

गंगू हातात माळ धरून उभी, आणि मुंडावळ्या बाजूला सारून माझ्याकडं बघत होती. आठवडाभर मी पाना, झारी, कंदील सगळं मनाशी लावून पाहिलं होतं. शेवटी म्हटलं, “मला ठावं नाय.” (हे वाक्य उभ्या जन्मात एकदाच बोललोय.) “साहेब म्हनतो, ज्याचं नाव तोंडावर येत नाय ते गॅजेट.”

व्याह्यांचा चेहरा उतरला. पण विहीणबाई पदर सावरत पुढं आल्या.

“मंग त्यात काय यवढं? ज्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाय, ते हरेक बाईच्या घरात एकेक हाय की.”

बायकांचा घोळका खदखदला. आमची मंडळी मांडवाची मेढ धरून हसली आणि म्हणाली, “न्या मंग, इहीनबाय. आमचं जुनं हाय, पन चालतंय.”

“कामाला कसं हाय?” व्याह्यांनाही आता हसू आवरेना.

“बडबड लई. पन भाताच्या लावनीला बरं हाय.”

अक्षता पडल्या. गंगू सुखानं नांदली. तेव्हापासून दर आषाढात व्याह्यांची बैलगाडी मला न्यायला येते, आणि मी खालापुरात गुडघाभर चिखलात उभा राहून भात लावतो.

यंदा मी निरोप धाडला, की कंबर धरलीय, जमायचं नाही. तर जावई स्वतः आला. दारात उभा राहून अदबीनं म्हणाला, “मामा, गॅजेट बिघडलं आसंल तर साहेबाकडं दुरुस्तीला टाकू का?”

मी कंबर धरून गाडीत जाऊन बसलो.