तुपाच्या डब्याचा झारा

कपाशीच्या काड्यांवर चूल पेटवणाऱ्या घरात राख फार होते आणि निखारा बारीक पडतो. भाकरी झाल्या की ते निखारे राखेतून वेगळे काढून शेगडीत भरायचे, त्यांच्यावर दूध ठेवायचं. निवलेली राख भांड्यांना आणि बियाण्याच्या मडक्यांत. शिरपूरकडच्या आमच्या खेड्यात हे काम सुनेचं. इतर घरांत त्यासाठी चिमटा असे. आमच्या सासूने पहिलं वर्षभर मला चिमट्याला हात लावू दिला नाही. नव्या सुनेने निखारे बोटांनी उचलायचे, म्हणजे कोणता जिवंत आणि कोणता विझलेला ते हाताला कळतं, असा त्या घराचा नेम. मी सातवीतून काढून आणलेली पोर. बोटांची कातडी जाड होईपर्यंत रडले, मग रडायचं सोडून दिलं.

सासू गेली आणि चूल माझ्या ताब्यात आली. त्याच वर्षी दिराचं लग्न झालं. धाकटी जाऊ अकरावी शिकलेली. तिला बारावीच्या परीक्षेला बसू द्यायचं, पास झाली तर डी.एड.ला घालायचं, असं तिच्या वडिलांनी बैठकीत चारचौघांसमोर कबूल करून घेतलं होतं. एवढ्यावर माझं काही म्हणणं नव्हतं. पण ती आली त्या महिन्यात आमचे सासरे, आबा, ओट्यावर बसले, तुपाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला, खिळ्याने भोकं पाडली आणि त्याला सळईचा लांब दांडा ठोकून झारा केला. राख खाली गळायची, निखारे वर राहायचे. तिला लिहायचं आहे, तिची बोटं जपायला हवीत, असं म्हणाले. माझी बोटं सात वर्षं त्यांच्या ताटात भाकरी वाढत होती. त्यांना ती कधी दिसली नाहीत.

आबांवर राग काढायची सोय नव्हती, म्हणून तो तिच्यावर काढला. येता-जाता तिला मास्तरीणबाई म्हणायचे. ती पुस्तक उघडून बसली की मला नेमकं दळण आठवायचं. ती हसून उठायची, आणि ते हसणं मला आणखी झोंबायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी मी झारा पोत्यात गुंडाळला आणि ज्वारीच्या कोठीमागे सारला. चिमटा माझ्या मांडीखाली ठेवला. ती सगळीकडे शोधून आली आणि झारा कुठे आहे म्हणून मला विचारू लागली. मी तव्यावरून नजर काढली नाही.

“मी बठ्ठं हातवर करं,” म्हणाले, “तू बी कर.” मी सगळं नुसत्या हातांनी केलं होतं, तिनेही तसंच करावं.

ती चुलीपुढे बसली. काडीचा निखारा वरून काळा दिसतो आणि आत लाल असतो. सवयीचा हात त्याला नुसता टेकतो आणि झटकतो. तिने तो विझलेला समजून घट्ट धरला. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं. ओरडली नाही, नुसता हात पाण्याच्या घागरीत घातला. मला वाईट वाटलं असं आज सांगितलं तर ते खोटं होईल. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बोटांना चिंधी बांधून ती दिराबरोबर शिरपूरच्या गाडीत बसली. पेन धरता येईना, अर्धा पेपर कोरा राहिला. पुढचेही तसेच गेले. नापास झाल्यावर दीर म्हणाला, झालं तेवढं पुरे. आबांनी झाऱ्याची चौकशी केली तेव्हा भंगारवाल्याच्या पोत्यात गेला असेल, असं मी सांगितलं. तिने कुणाकडे एक शब्द काढला नाही. त्यानंतर ती रोज हातानेच निखारे काढू लागली, अगदी माझ्यासमोर बसून.

दहा वर्षांनी माझी मुलगी दहावीला बसली. गणित आणि इंग्रजी धाकटीनेच शिकवलं, सबंध वर्ष. पहिल्या पेपराच्या सकाळी मुलगी सवयीने निखारे काढायला चुलीशी वाकली. धाकटीने तिला मागे ओढलं आणि माझ्याकडे वळली.

“अक्का, तिले चुलीजोडे येऊ देऊ नका. तिले पेपर लिखना शे.”

आणि स्वतः राखेत हात घातला. अंगठ्यावरची गुळगुळीत पांढरी खूण चुलीच्या उजेडात दिसत होती. झारा अजून कोठीमागे पोत्यात होता, माझ्यापासून चार पावलांवर. काढून दिला असता तर तो इतकी वर्षं कुठे होता ते सांगावं लागलं असतं. मी पुढची भाकरी थापायला घेतली, आणि तिने शेवटचा निखारा वेचेपर्यंत मान वर केली नाही.