टाकीवरचा जावई

टेकडीवरच्या त्या वस्तीत त्याला सगळे भोंगा म्हणायचे आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. नवीन बिऱ्हाड आलं की तो आपणहून दारात जाऊन सांगायचा, "मी भोंगा. पाणी माझ्याकडे."

पाणी त्याच्याकडे म्हणजे माथ्यावरची सिमेंटची टाकी त्याच्याकडे. तिथून नळ घरोघरी उतरत गेलेले. पायथ्याशी विहीर, विहिरीला लागून पत्र्याची खोली, खोलीत पंप आणि पंपापाशी त्याची बायको. नवरा वर, बायको खाली आणि मध्ये अख्खी वस्ती, अशी त्या दोघांची नोकरी होती.

सकाळी बायको पंप चालू करायची. पाणी पाइपातून धापा टाकत वर चढायचं. भोंगा टाकीचं झाकण उघडून आत डोकावत बसायचा आणि पाणी काठाशी आलं की टेकडीच्या कडेला उभा राहून ओरडायचा, "बंऽऽद!" पंपाच्या त्या धडधडाटात शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू यायची मारामार, पण याचा आवाज अर्धी टेकडी उतरून, दोन वळणं घेऊन बरोबर तिच्या कानात शिरायचा. ती खटका खाली ओढायची. उताराच्या मध्यावरचा शिंपी त्या हाकेसरशी दुकानाची फळी उघडायचा आणि शाळेत जाणारी पोरं चपला शोधायला लागायची.

एवढं करून तो थांबला असता तर प्रश्न नव्हता. पण भोंग्याच्या पोटात काही राहत नसे. वरून तो "चहा टाक!" म्हणायचा, "आज पाठ धरलीय!" म्हणायचा, एकदा तर "काल उगाच चिडलो तुझ्यावर!" असंही ओरडला होता. त्या दिवशी नळावर बायका तिच्याकडे बघून हसत होत्या आणि ती वरवर रागावून आतल्या आत फुलत होती.

मग त्याचा घसा बसला. आधी खरखर, मग फाटका आवाज, मग नुसतीच हवा. बायकोनं ओढतच दवाखान्यात नेला. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून घसा तपासला आणि विचारलं, "तुम्ही काय करता?"

"ओरडतो," भोंगा हवेनंच म्हणाला.

"ते दिसतंय. पण काम काय करता?"

"तेच!"

घशात गाठी झाल्या होत्या. जिवावरचं काही नव्हतं, छोटीशी शस्त्रक्रिया झाली की मोकळा. पण डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, आधी काही दिवस तोंडातून शब्दही काढायचा नाही, पुढे हळू बोलायचं आणि ओरडणं मात्र या जन्मात विसरायचं. भोंग्यानं मान हलवली. घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून झोपला. बायकोनं जेवायला उठवलं तेव्हा त्याचे डोळे लाल होते. तिनं ताट पुढे सरकवलं.

शस्त्रक्रिया नीट पार पडली, पण पुढचे दिवस वस्तीनं भोगले. वरून फडकं हलवावं तर मध्ये झाडं. फोन करावा तर पंपापुढे घंटी ऐकू येणार कशी? त्यात इतकी वर्षं त्या आवाजाशेजारी बसून तिचे कानही थोडे जड झाले होते. टाकी रोज भरून वाहायला लागली. पाण्याचा लोट गल्लीतून उतरायचा आणि शिंप्याच्या दुकानात शिरायचा. एका सकाळी शिंपी कुणाच्या तरी लग्नाचा कोट डोक्यावर धरून गुडघाभर पाण्यात उभा असलेला दिसला, तेव्हा भोंग्याच्या बायकोनं मुलीला फोन लावला.

मुलगी दूरच्या शहरात मोठमोठ्या इमारतींच्या टाक्यांना यंत्रं बसवणाऱ्या कंपनीत होती. बापाचं काम आणि तिचं काम एकच आहे हे तिला कधीपासून ठाऊक होतं, पण बापाला सांगायची हिंमत झाली नव्हती. ती रजा काढून आली. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तिनं मुठीएवढी डबी बसवली, वर सौरपट्टी लावली आणि खाली पंपाच्या खोलीत डोळ्यांत खुपेल असा लाल दिवा.

"ही डबी खाली आवाज सोडते, बाबा. तो पाण्यावर आपटून परत येतो. यायला किती वेळ लागला त्यावरून तिला पाणी कुठवर आलंय ते कळतं. मग ती ते फोनवर कळवते."

भोंगा डबीकडे वाकला. एव्हाना त्याला हळू बोलायची परवानगी मिळाली होती. तो पुटपुटला, "म्हणजे हीही ओरडतेच की."

"ओरडते, पण आपल्याला ऐकू येत नाही."

"मग काय मजा?"

बायको मात्र खूश होती. टाकी भरत आली की दिवा पेटायचा, ती खटका ओढायची. "पोरगी एवढ्या लांबून आली, मला वाटलं आता जावई दाखवते," ती नळावर म्हणाली, "तर ही डबी घेऊन आली." झालं! डबीचं नाव जावई पडलं ते पडलंच. येता जाता लोक विचारायला लागले, "काय भोंगाशेठ, जावई काय म्हणतोय?"

आणि जावई सांगायचाही. भोंग्याच्या फोनवर एक निळी टाकी दिसायची, तिच्यात पाणी वर खाली व्हायचं आणि शेजारी दिवसभराची रेघ उमटायची. आधी त्यानं फोनकडे ढुंकून पाहिलं नाही. मग एकदा पाहिलं. मग त्याला ते व्यसनच लागलं. सकाळी रेघ धाडकन खाली आली की तो ओळखायचा, अंघोळी सुरू झाल्या. दुपारी एक पायरी पडली की समजायचा, कपडे धुणं चाललंय. जेवताना फोन ताटाशेजारी असायचा.

"लग्न झाल्यापासून इतक्या वेळा माझ्याकडे बघितलं असतंत," बायको म्हणाली, "तर मी कधी कुरकुर केली नसती."

रेघ मुलीलाही तिच्या कचेरीत बसून दिसायची. एका रविवारी तिचा फोन आला. "बाबा, रात्री सगळे झोपलेले असताना रेघ सरळ आडवी हवी ना? ती उतरतेय. अगदी थोडी, पण रोज उतरतेय. कुठेतरी पाणी मुरतंय."

भोंग्यानं ते मनावर घेतलं. उन्हाळ्यात वरच्या घरांना पाणी पुरत नाही म्हणून भांडणं व्हायची, दर वर्षी कुणीतरी कुणावर तरी चोरीचा आळ घ्यायचं. त्यानं दुपारच्या शांत वेळी वस्तीला आधी सांगून एकेका गल्लीची चावी बंद करून पाहायला सुरुवात केली. चावी फिरवायची, फोन घेऊन पायरीवर बसायचं, रेघेकडे बघायचं. बऱ्याच दुपारी अशा गेल्या. शेवटी बंद पडलेल्या लाँड्रीकडे जाणाऱ्या जुन्या पाइपाची चावी त्यानं फिरवली आणि रेघ आडवी झाली. त्यानं चावी पुन्हा उघडली आणि पाइपाच्या कडेकडेनं चालत निघाला.

पाइप लाँड्रीच्या मागे गवतात शिरला होता. गवत ओलांडून भोंगा पलीकडे आला आणि थबकला. समोर बाग होती. नेच्यांचे झुपके, पिवळ्या फुलांचा वाफा, गोल दगड लावून केलेलं छोटं डबकं, त्यात दोन बेडूक. दोन खडकांच्या मधून पाण्याची करंगळीएवढी धार झुळझुळत डबक्यात पडत होती. शेजारी वेताच्या खुर्चीत चित्रकलेच्या बाई बसल्या होत्या. शाळेत त्यांनी भोंग्याला शिकवलं होतं. शिकवलं होतं म्हणजे मोठ्यानं बोलतो म्हणून बहुतेक वेळ वर्गाबाहेर उभं केलं होतं.

"अरे, तू! ये, ये," बाई म्हणाल्या. "आमचा झरा बघायला आलास?"

"झरा?" भोंगा पुटपुटला.

"मी निवृत्त झाले ना, त्याच वर्षी फुटला बघ. जन्मभर पोरांकडून निसर्गचित्रं काढून घेतली. म्हटलं, आता निसर्गच घरी आला." त्यांनी मांडीवरचा कागद वर केला. कागदावर तीच धार होती, तेच बेडूक होते. "बोल की काहीतरी! शाळेत तुला गप्प बस, गप्प बस म्हणून माझा घसा दुखायचा. आता बोल म्हणते तर तोंड उघडत नाहीस."

भोंग्यानं तोंड उघडलं. पण शब्द बाहेर येईनात आणि याला शस्त्रक्रियेचं कारण नव्हतं. "छान आहे, बाई," एवढंच म्हणून तो परत फिरला.

त्या दिवशी संध्याकाळी पंप पुन्हा लागला तेव्हा भोंगा खाली पंपाच्या खोलीत जाऊन बसला. बायकोनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "पोट दुखतंय का?"

"दुखत नाही. पोटात आहे काहीतरी."

"काय?"

तो हळू बोलत होता आणि तिला ऐकू येत नव्हतं. शेवटी तिनं पंप बंद केला, कान त्याच्या तोंडाशी नेला आणि त्यानं सगळी हकीकत सांगितली. तिच्या इतक्या जवळ बसून एवढं सविस्तर तो कधी बोललाच नव्हता. ती ऐकता ऐकता हसायला लागली. "बेडूकसुद्धा पाळलेत?" मग गंभीर झाली. "सांगावं तर लागेल हो. वरच्या बायका घागरी घेऊन फिरतात उन्हाळ्यात."

"माहीत आहे. म्हणून तर जेवण जाणार नाही आज."

"उद्या मी येते बरोबर. तुम्ही बोला, मी नुसती उभी राहीन."

दुसऱ्या दिवशी दोघं गेली. भोंग्यानं बाईंना फोनवरची रेघ दाखवली आणि जमेल तितक्या हळू सांगितलं, तसंही त्याला दुसरं काही जमत नव्हतं. बाईंना खरं वाटेना. मग त्याची बायको जाऊन चावी फिरवून आली. धार बारीक झाली, तिचे थेंब झाले, मग थेंबही थांबले. बाग एकदम गप्प झाली. एक बेडूक डबक्यातून बाहेर येऊन इकडे तिकडे बघायला लागला.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे इतकी वर्षं मी वस्तीचं पाणी चोरत होते."

"चोरी कसली, बाई," भोंगा म्हणाला. "जुना पाइप फुटला. तुम्ही फक्त सजवलात."

बाईंना हसू फुटलं, पण ते टिकलं नाही. "बंदच ठेव. लोकांच्या वाट्याचं मला नको. पण या दोघांना कुठे सोडायचं ते सांग." हे बेडकांबद्दल होतं.

पाइप दुरुस्त झाला. वरच्या घरांना त्या उन्हाळ्यात प्रथमच पुरेसं पाणी मिळालं. ते का मिळालं ही गोष्ट मात्र भोंग्यानं कुणाला सांगितली नाही. सांगितली बाईंनीच. पाणी समितीच्या बैठकीत उभ्या राहून, शाळेत हजेरी घ्यायच्या सुरात त्यांनी सगळा प्रकार सांगून टाकला आणि माफी मागितली. मग शिंपी उठला. "आमच्याकडे फुलं तिथूनच यायची," तो म्हणाला. "पैसे घ्यायच्या नाहीत त्या कधी. रोज सकाळी थोडा वेळ बारीक नळ सोडला तर काय बिघडेल?" वरच्या गल्लीतल्या बायकांनी, ज्या उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त भांडायच्या, त्यांनीच आधी हात वर केले. बाई नको नको म्हणत राहिल्या. शेवटी समितीच्या अध्यक्षांनी नळाची चावी त्यांच्या हातात ठेवली आणि बैठक संपली असं जाहीर केलं.

तेव्हापासून भोंग्याच्या फोनवर सकाळी अंघोळींच्या आधी एक छोटीशी पायरी दिसायला लागली. ती दिसली की तो म्हणायचा, "बाई उठल्या." एकदा ती पायरी उमटलीच नाही. भोंगा चहा तसाच टाकून धावत सुटला, बागेत पोचला तेव्हा त्याला धड श्वासही घेता येत नव्हता. बाई आरामात खुर्चीत बसून चित्र रंगवत होत्या.

"पाणी... का नाही... सोडलंत?"

"रात्री पाऊस झाला ना रे," बाई म्हणाल्या. "आणि वर्गात धापा टाकायच्या नाहीत."

पावसाळा सरल्यावर मुलगी पुन्हा आली. या वेळी तिनं अशी जोडणी केली, की टाकी भरली की पंप आपला आपण बंद व्हावा. खटका ओढायची गरजच उरली नाही. भोंग्याच्या बायकोनं दोन दिवस पंपाशेजारी राखण केली, तो नक्की बंद होतो की नाही ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिनं पंप चालू केला, खोलीला कडी घातली आणि टेकडी चढायला लागली.

भोंगा टाकीवर बसला होता. ती वळणावरून वर येताना दिसली तसा तो घाबरून उठला. "काय गं? काय झालं?"

"काही नाही. बघायला आले," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "जन्म गेला पाणी वर ढकलण्यात. ते जातं कुठे ते कधी पाहिलं नाही."

त्यानं तिला हात देऊन वर घेतलं आणि झाकण उघडलं. तिनं आत वाकून पाहिलं. पाणी चढत होतं, त्यात आकाशाचा चौकोनी तुकडा हलत होता आणि त्याच्या कडेला तिचं डोकं.

"एवढीशीच?" ती म्हणाली. "मला वाटलं, केवढी असेल! तुम्ही असे ओरडायचात, जणू समुद्र भरलाय."

भोंगा हसला. त्या हसण्यालाही आता आवाज नव्हता, नुसते खांदे हलले. तो टाकीच्या कडेला सरकला आणि तिच्यासाठी जागा केली. खालून पंपाची धडधड येत होती, इथवर येईपर्यंत ती अगदी बारीक झाली होती. तो हळूच काहीतरी म्हणाला.

"काय?" तिनं विचारलं.

त्यानं तिच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा सांगितलं. ती लाजली, त्याला कोपरानं ढोसलं आणि पाणी काठाशी येईपर्यंत दोघं तिथेच बसून राहिली. ते काय बोलणं झालं, हे मात्र वस्तीत कुणालाच कळलं नाही.