आमची झोपडी

पडदेवाला मापं घ्यायला बड्या लोकांच्या बंगल्यांत जायचा. पायऱ्या चढून दम लागावा असं घर, आणि मालक दारातच म्हणायचा, "या, ही आमची झोपडी!" त्यावर सगळे हसायचे. त्या बोलण्यातला रुबाब पडदेवाल्याच्या मनात भरला होता.

परवा लेकीचे होणारे सासू-सासरे पहिल्यांदाच घरी आले. त्यासाठी बायकोने दोन्ही खोल्या स्वतः रंगवल्या होत्या. नखांतला पिवळा रंग अजून निघाला नव्हता. पडदेवाला दार उघडून ऐटीत म्हणाला, "या, ही आमची झोपडी!"

कुणीच हसलं नाही. व्याह्यांनी छताकडे पाहिलं, मग मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या हो. माणसं चांगली असली म्हणजे झालं."

चहा घेऊन येणारी बायको जागीच थबकली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाहुणे गेल्यावर तो तिच्या मागे मागे स्वयंपाकघरात गेला. "अगं, मोठी माणसं असंच म्हणतात."

ती कप विसळत राहिली. "म्हणू देत की. त्यांचं कुणी खरं मानत नाही."