दांडी कोण सोडणार

रुद्रप्पाच्या घरात दोन माग होते आणि मागच्या पडवीत एक डिझेल इंजिन. लाईट गेली की इंजिन डायनामो फिरवी आणि माग चालत. पण ते सुरू करणं एकट्याचं काम नव्हे. एकानं दोन्ही हातांनी हँडल मारायचं. चाक भरात आलं की दुसऱ्यानं इंजिनाच्या डोक्यावरची दांडी खाली सोडायची. लवकर सोडली तर हँडल उलटं मनगटावर बसतं. उशीर झाला तर दम फुकट जातो.

दांडी कायम निंगव्वा सोडायची, त्याची बायको. रुद्रप्पा ओरडायचा, "बिडु!" म्हणजे सोड. इंजिन धडधडलं की ती पदराला हात पुसत म्हणायची, "आता ते बोलतंय. तुमी गप बसा."

चौऱ्याहत्तरच्या माघात निंगव्वाला माती दिली. उन्हाळ्यात लाईट रोज जाऊ लागली. रुद्रप्पा हँडलला तेल घालून बसून राही. चादरी वेळेवर जाईनात. व्यापारी म्हणाला, असंच चाललं तर सूत दुसरीकडं देतो.

रुद्रप्पा रेवणसिद्धच्या इंजिनाच्या दुकानात गेला.

"अण्णा, रॉकेलचं घ्या की. पेट्रोलवर उठवायचं, तापलं की रॉकेलवर घ्यायचं. एक दोरी ओढली, झालं."

"त्याचा प्लग काजळतोय. वर रॉकेलच्या रांगेत उभारायचं. डिझेल घोटभर पिऊन बैलागत ओढतंय."

"खरं हाय. पर दांडी कोण सोडणार?"

"बघतो," म्हणून रुद्रप्पा उठला.

घरी त्यानं दांडीला सुतळी बांधली, दुसरं टोक दातांत धरलं आणि हँडल मारलं. सुतळी तुटली. जाड दोरी बांधली. मान लवकर हलली, हँडलनं मनगट सोललं. फडकं गुंडाळून पुन्हा मारलं. चाक भरात आलं तशी त्यानं मानेला हिसका दिला. इंजिन धडधडलं. माग खडखडू लागले.

शेजारच्या सारजाबाई कुडावरून डोकावल्या. "रुद्रप्पा, कोण आलंय मदतीला?"

"कोण न्हाय."

"मला हाक मारायची की! दांडी तर सोडायची."

रुद्रप्पा मागाकडं वळला. परक्या बाईला 'बिडु' म्हणून ओरडायचं कसं?

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दुकानात.

"रॉकेलचं दे."

"आणि डिझेलचं? बंदच पडलं व्हय?"

"चालतंय. दोरी दातांत धरून सुरू करतोय मी."

"मग हे कशाला, अण्णा?"

"दातांत दोरी असली की 'बिडु' म्हणता येत न्हाय."

रेवणसिद्धनं इंजिन हातगाडीवर चढवून दिलं.

संध्याकाळी लाईट गेली. रुद्रप्पानं उजव्या हातानं दोरी ओढली. नवं इंजिन पहिल्या हिसक्यात सुरू झालं. डाव्या हाताला काही कामच उरलं नाही. त्यानं तो जुन्या इंजिनाच्या दांडीवर ठेवला आणि मोकळ्या तोंडानं म्हणाला, "बिडु."