धामणीच्या पिल्लाचा उपास

बाराव्या दिवशी सकाळी दहा वाजता काट्यावर आकडा आला ४१.८ ग्रॅम. मी तो रजिस्टरमध्ये लिहिला, आदल्या दिवशीच्या आकड्यातून वजा केला आणि डॉक्टरांना हाक मारली.

"आजही कमी?" डॉ. मानसींनी विचारलं.

"चार दशांश. कालच्याइतकंच."

"म्हणजे तुमच्या हिशेबाने किती दिवस आहेत आपल्याकडे?"

"सहा. सातवा नाही."

पनवेलजवळ जखमी वन्यप्राण्यांसाठी एक उपचार केंद्र आहे. वनविभागाच्या परवानगीने चालतं. तिथे मी सहा वर्षं सुपरवायझर आहे. त्याआधी वीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. प्राण्यांमधलं मला काही कळत नव्हतं, पण नोंदी नेटक्या ठेवता येत होत्या, आणि केंद्राला तसंच माणूस हवं होतं.

आमचा पेशंट म्हणजे धामणीचं पिल्लू. लांबी ६४ सेंटीमीटर, जाडी माझ्या करंगळीपेक्षा थोडी कमी. धामण बिनविषारी असते, मोठी झाली की शेतातले उंदीर खाते. हे पिल्लू विचुंब्याला एका बिल्डिंगच्या पायासाठी खोदकाम चालू असताना जेसीबीखाली सापडलं. पाठीला पाच टाके पडले. टाके निघायला सहा आठवडे लागणार होते आणि तोपर्यंत त्याला सोडता येत नव्हतं. ते जेवत मात्र नव्हतं. न जेवता जखम भरत नाही.

आलं तेव्हा वजन होतं ४६.२. डॉक्टरांचा नियम असा की वजन पंधरा टक्क्यांहून जास्त घटलं तर वाट बघायची नाही, नळीने भरवायचं. म्हणजे ३९.३ ग्रॅमला नळी. एवढ्याशा जिवाचा जबडा उघडून नळी घालायची तर त्याला घट्ट धरावं लागतं. ते अंगाला पीळ देतं, आणि टाके पाठीवर.

"टाके तुटले तर परत शिवायला कातडी उरलेली नाही," डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "मग वाचेल असं मी म्हणणार नाही."

आम्ही काय देत होतो तेही सांगते. उंदराची केससुद्धा न आलेली पिल्लं. त्यांना आमच्याकडे पिंकी म्हणतात. ती फ्रीजरमध्ये असतात. कोमट पाण्यात ठेवून ऊबदार केली की चिमट्याने सापासमोर धरायची. आमचं पिल्लू चिमट्यावर झेप घ्यायचं, पण खायला नाही, घाबरून. मग कोपऱ्यात गोळा होऊन शेपटी थरथरवत बसायचं. अकरा दिवसांत नऊ पिंकी दिल्या आणि नऊ उचलून फेकल्या.

त्या दिवशीही दहावी पिंकी तशीच पडून राहिली. प्राण्यांचे डबे धुणाऱ्या सोनीबाई ती उचलायला आल्या. सोनीबाई कोन गावाकडच्या कातकरी वाडीतल्या. चार वर्षं आमच्याकडे आहेत. बोलतात कमी, पण बोलल्या की लागतं.

"ताय, एक इचारू? रागावणार नाय ना?"

"विचारा."

"तुमच्या पोरीला जेवायच्या आधी रोज मानगुटीला धरून काट्यावर टाकली असती, तं जेवली असती का ती?"

मी म्हटलं, "सोनीबाई, वजन तर घ्यावंच लागतं. फॉर्ममध्ये रकाना आहे."

"फारम कोनी बनवला?"

फॉर्म मी बनवला होता. सहा वर्षांपूर्वी, आल्या आल्या. तेव्हा केंद्रात घारी आणि घुबडं जास्त असायची. जखमी पक्ष्याचं वजन रोज घ्यावंच लागतं, तो दोन दिवसांत खचतो. पुढे साप यायला लागले तेव्हा मी तोच फॉर्म झेरॉक्स केला आणि 'पक्षी' खोडून 'साप' लिहिलं. रकाने तेच राहिले. आधी आलेले साप मोठे होते, त्यांनी ते चालवून घेतलं. हे पिल्लू मात्र रोज दहा वाजता पकडलं जात होतं आणि सव्वादहाला त्याने जेवावं अशी माझी अपेक्षा होती.

डॉक्टर ऐकत होत्या. हसू दाबत म्हणाल्या, "मीही बारा दिवस त्या रजिस्टरवर सही करते आहे, त्यामुळे मी काही बोलणार नाही."

"आनि त्याला ह्यो उंदीर वळखू तरी येतो का?" सोनीबाईंचं अजून संपलं नव्हतं. "लहान हाय त्यो. या वयात बेडक्या खातो. आमच्या वाडीत कुनालापन इचारा."

"बेडूक द्यायचा नाही," डॉक्टर लगेच म्हणाल्या. "त्याच्या पोटातले जंत याच्या पोटात जातील. आधीच अशक्त आहे."

"बेडूक नको. वास द्या. बेडकाचा वास, उंदराचं मटन."

साप जीभ बाहेर काढतो ती वास घ्यायला. भक्ष्य त्याला आधी वासाने कळतं. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागल्या. प्रश्न बेडकाचा नव्हता, काट्याचा होता. मी कॅल्क्युलेटर घेतला. रोज ०.४ घट. पाच दिवस वजन न घेता सोडलं तर ३९.८. नळीच्या आकड्याच्या अर्धा ग्रॅम वर.

"पाच दिवस," मी म्हटलं. "सहावा नाही."

पिल्लाचा डबा पुढच्या वर्दळीच्या खोलीतून मागच्या शांत स्टोअरमध्ये गेला. आत सुकी पानं आणि लपायला नारळाची करवंटी. वरून गोणपाट, त्याला रुपयाएवढं एक भोक. सोनीबाईंनी मागच्या ओहोळातून एक बेडूक आणला, ओल्या कपड्याने पुसला आणि परत जिथला तिथे सोडून आल्या. तो कपडा पिंकीवर फिरवून ती करवंटीच्या तोंडाशी ठेवायची आणि निघून यायचं.

पहिल्या दिवशी दहा वाजता मी स्टोअरच्या दाराशी होते. सोनीबाई फडकं घेऊन आडव्या आल्या.

"ताय, हात लावायचा नाय."

"नुसतं बघते."

"बघायचं बी नाय."

घरी मी दोनदा विषय काढल्यावर आमचे हे म्हणाले, "त्या सापाचं राहू दे, तुझं वजन कमी होईल आता."

पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसराही. तिन्ही पिंकी तशाच. तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना नळी उकळून ठेवायला सांगितलं. त्यांनी ती आधीच ठेवली होती.

चौथ्या दिवशी दुपारी साडेबाराला सोनीबाई ऑफिसात आल्या आणि मला बोटाने बोलावलं. मी भोकाला डोळा लावला. पिल्लू करवंटीतून अर्धं बाहेर आलं होतं. पिंकी कुठेच नव्हती. मी पानांत शोधली, कोपऱ्यात शोधली. मग पिल्लाच्या गळ्याखाली गोटीएवढा फुगवटा दिसला, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो अर्धा इंच मागे सरकला.

"गेली?" मागून डॉक्टरांनी विचारलं.

"गेली!" मी ओरडले, आणि सोनीबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. तिघी तशाच बाहेर अंगणात आलो आणि हसत सुटलो. डॉक्टरांनी कँटीनमधून तीन चहा आणि बटाटेवडे मागवले. सोनीबाई म्हणाल्या, "बारा दिवस तुमी त्याला जेवू दिला नाय, आनि वडे आपन खातो."

"आता वजन घेऊ?" मी विचारलं.

"तीन दिवस नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हाताळलं तर ओकून टाकेल."

ते तीन दिवस मला आधीच्या चारांपेक्षा जड गेले. एकोणिसाव्या दिवशी वजन घेतलं. पिंकी होती ३.१ ग्रॅमची. रोजची ०.४ घट धरून माझ्या हिशेबाने ४२.१ यायला हवं होतं. आलं ४३.४. मी काटा शून्यावर आणून परत घेतलं. ४३.४.

पुढे ते दर पाच दिवसांनी जेवलं. तिसऱ्या वेळेपासून बेडकाचा वासही लागला नाही. सातव्या आठवड्यात टाके काढले, कात व्यवस्थित निघाली आणि वनरक्षकांनी त्याला सापडलं त्याच भागातल्या एका बांधावर सोडलं. तेव्हा ते ५७.६ ग्रॅम होतं. पिशवीतून बाहेर आलं आणि गवतात शिरलं. पुरते तीन सेकंदही लागले नाहीत.

सापांसाठी आता वेगळा फॉर्म आहे. त्यात वजन आठवड्यातून एकदा, आणि जेवण सुरू होईपर्यंत तेही नाही. पिल्लू जेवलं त्याचं श्रेय वासाला की निवांतपणाला, हे मला सांगता येणार नाही, कारण दोन्ही बदल आम्ही एकदम केले. पण हिशेबापेक्षा जास्त आलेले ते १.३ ग्रॅम बेडकाचे नव्हेत. सात दिवस मी त्याला हात लावला नाही म्हणून रोजची घट ०.४ वरून निम्म्यावर आली, त्याचे ते. मोजण्यातही वजन खर्च होतं, आणि ते मोजणाऱ्याच्या अंगातून जात नाही.